ओवाळणीचा आडवा

कानिफ ढेरंगे खोटं बोलला तो सोमवारी सकाळी, भर ग्रामसभेत, तीनशे माणसांच्या देखत आणि पोटच्या पोरीच्या तोंडावर. खोटं काही फार लांबरुंद नव्हतं. ऋतुजानं विचारलं, "आण्णा, या वहीत सगळे आडवे आहेत ना? एकही सुटलेला नाही?" आणि तो म्हणाला, "सगळे हायेत." दोन शब्द. माणसं याहून मोठमोठ्या थापा मारून सुखानं जेवतात. कानिफचं मात्र त्या क्षणापासून अन्नपाण्यावरचं मन उडालं.

आडवे म्हणजे आडवे बोअर. कारथळच्या पठारावर सगळा काळा कातळ. पाणी असतं ते कातळाच्या फटींत, आणि फट कुठून जाते ते कुणाला दिसत नाही. म्हणून विहिरीत उतरून तिच्या पोटातूनच बाजूला भोक पाडायचं. फट सापडली की विहिरीला पाझर फुटतो. कानिफच्या बापाच्या काळी शे-दीडशे फूट आडवा मारायला आठवडा जायचा. मग बारा वर्षांपूर्वी घूस आली. कोपरापासून बोटांपर्यंत लांबीचं यंत्र, तोंडाशी हिऱ्याची कणी, मागं पाण्याची नळी. विहिरीच्या भिंतीला लावून दिलं की कातळ कुरतडत एका दिवसात दीड हजार फूट जाई. पठारावर पहिली घूस कानिफनं आणली. पुढं आणखी दोघांनी आणल्या, पण लोक बोलवत कानिफलाच, कारण त्याच्या तळहातावर नारळ उभा राहायचा. विहिरीच्या काठानं फेरी घालताना नारळ जिथं उभा राहील, त्या अंगाला आडवा. बापाकडून आलेली विद्या होती ती. ऋतुजा गणित शिकून परत आली तेव्हा तिनं वहीतल्या झाडून सगळ्या दिशा तपासल्या आणि हसत म्हणाली, "आण्णा, तुमचा नारळ आणि फासा यांत काही फरक नाही हो." कानिफ त्यावर आठवडाभर तिच्याशी नीट बोलला नव्हता.

वही मात्र खरी होती; बापाच्या वेळचे आणि दुसऱ्यांच्या घुशींचे आडवेही तीत टिपलेले होते. कुणाची विहीर, कोणत्या अंगाला आडवा, किती फूट, आणि शेवटी 'भिडला' की 'नाही भिडला'. घुशीच्या नळीतलं पाणी एकदम खेचलं गेलं की समजायचं, आडवा दुसऱ्या कुणाच्या आडव्याला जाऊन भिडला. दोन विहिरी आतून एक झाल्या. लोकांना त्याचं कौतुकच असे. भिडला म्हणजे पाणी लागलं.

मावळतीच्या टोकाला धातूवर मुलामा चढवणारा एक कारखाना होता. त्यानं आपलं घाण पाणी वर्षानुवर्षं एका मेलेल्या बोअरमध्ये सोडलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिथली एक विहीर पिवळी झाली. त्या पाण्यात क्रोमियम होतं; उकळून जात नाही, गाळून जात नाही, आणि महिनोन्महिने पोटात गेलं तर माणूस आतून सडतो. लोक म्हणाले, चला, एका विहिरीवर निभावलं. पुढच्या नऊ दिवसांत मावळतीच्या तीनशे विहिरी पिवळ्या झाल्या. वाड्यांवर टँकर लागले, गोठे रिकामे झाले, आणि माणसं भांडीकुंडी घेऊन पावण्यांकडं निघाली.

म्हणून ही ग्रामसभा. शाळेच्या पडद्यावर ऋतुजानं उगवतीच्या सहाशे बारा विहिरी ठिपक्यांनी मांडल्या होत्या, प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग. सरपंच वैजयंता शेळके वहीतल्या भिडलेल्या आडव्यांच्या नोंदी वाचत होत्या, आणि ऋतुजा एकेक रेघ ओढत होती. दोन विहिरी जोडल्या की त्यांचा रंग एक होई. पहिल्या दोनशे नोंदी होईपर्यंत पडदा गोधडीसारखाच राहिला. दोन विहिरी लाल, चार हिरव्या, कुठं सात जांभळ्या. लोक आपापल्या विहिरीचा रंग बघून एकमेकांना चिडवत होते. गुंडांची विहीर सुर्व्यांच्या विहिरीला जोडलेली निघाली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "मंग वीस वर्सं बांधावरून कशाला भांडलात रं?" सभा हसली.

तीनशेव्या नोंदीच्या आसपास हसू थांबलं. रेघा आधीसारख्याच एकेक करून पडत होत्या, पण आता प्रत्येक रेघेसरशी एकच निळा रंग पसरत होता. दहा विहिरींचा गट गिळला, मग वीसांचा, मग पलीकडच्या वाडीचा सगळा. चारशे एकोणसाठावी नोंद वाचून झाली तेव्हा साडेतीनशे विहिरी निळ्या होत्या. बाकीचे रंग कडेला चिंध्यांसारखे उरले होते.

"हे असंच होतं," ऋतुजा म्हणाली. "शंभर विहिरींमागं पन्नास जोडण्या होईपर्यंत मोठ्यातला मोठा गटसुद्धा लहानच राहतो. पन्नास ओलांडल्या की एकच गट बाकीच्यांना गिळत सुटतो. कारण साधं आहे. गट जेवढा मोठा, तेवढा आंधळेपणानं मारलेला आडवा त्यालाच भिडायची शक्यता जास्त. भिडला की तो आणखी मोठा. यात कुणी कट केला नाही. जो तो आपल्यापुरता एक आडवा मारत होता. आपल्या शंभरामागं आता पंचाहत्तर झाल्यात."

"म्हंजी या साडेतीनशे हिरी नायतच," सर्जेराव गुंड म्हणाले. सत्तरीचा माणूस, गावात सगळ्यात जुनी विहीर त्यांची. "येकच हाये."

"एकच आहे, बाबा. मावळतीला तसंच झालं. म्हणून नऊ दिवसांत गेली."

मग ऋतुजानं पडद्यावर मधोमध एक जाड काळी पट्टी ओढली. ही पाळ. पठाराच्या मधून गेलेली, जमिनीतल्या जमिनीत उभी असलेली अखंड दगडाची भिंत. तिच्यातून पाणी जात नाही. ती फोडायची नाही, हा कानिफच्या बापानं घालून दिलेला नेम, आणि तो सगळ्या पठारानं पाळलेला. "पिवळं पाणी दोन दिवसांत पलीकडून पाळीला टेकेल," ऋतुजा म्हणाली, "आणि तिथंच थांबेल. मात्र ही वही पूर्ण असली पाहिजे."

तेव्हा तिनं तो प्रश्न विचारला होता, आणि तेव्हा कानिफनं ते उत्तर दिलं होतं.

वहीत नसलेला आडवा अकरा वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेचा. कानिफची थोरली बहीण छबूआक्का तेव्हा नुकतीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. दिरांनी वाटणीत तिच्या वाट्याला पाळीच्या पायथ्याची पट्टी टाकली आणि वर सांगितलं, हीर बी हाये की. विहीर होती, चाळीस फूट कोरड्या दगडाची. गुंडांच्या विहिरीला भिडलेला एक जुना आडवा होता, पण त्यांचं पाणी खाली, म्हणून तोही कोरडाच. आक्का माहेरी यायला तयार नव्हती. "भावजयीच्या चुलीवर बसायला मी काय मेले हाये का?" म्हणाली. कानिफनं तिच्या विहिरीवर तीनदा नारळ फिरवला, आणि तीनदा तो पाळीच्याच अंगाला उभा राहिला. पाळीच्या पलीकडं पाणी तुंबलेलं होतं, हे सांगायला नारळही नको होता. भाऊबीजेच्या सकाळी त्यानं घूस लावली आणि बापाचा नेम मोडला. संध्याकाळी आक्का ओवाळायला ताट घेऊन विहिरीवरच आली, तेव्हा तळाला पाणी गुडघाभर चढलं होतं. "ही घे तुझी ओवाळणी," कानिफ म्हणाला होता. आक्का रडली नाही. तिनं त्याच्या कपाळाला कुंकू इतकं जोरात लावलं की ते डोळ्यांत उतरलं.

बहिणीला दिलेलं लिहायचं नसतं, हा बापाचा दुसरा नेम. तो कानिफनं पाळला. पुढं त्याचं बघून पठारावर तशी चालच पडली. ऐपतीचा भाऊ भाऊबीजेच्या आठवड्यात कानिफला घूस घेऊन बहिणीच्या विहिरीवर धाडायचा.

आज सभेत उठून खरं सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या आत आक्काची विहीर मुरूम टाकून बुजवली गेली असती. पाणी उपसून नुसतं आडव्याचं तोंड बंद करावं, तर उपशानं पिवळं पाणी आणखी जोरात ओढलं जाणार. बुजवणं हा एकच मार्ग, आणि विहीर गेली की आक्काची डाळिंबं, शेळ्या, उभ्या जन्मात कुणापुढं न झुकलेली मान, सगळं गेलं. कानिफनं मनाशी हिशेब केला: दोन दिवस आहेत. आपण मारलेला आडवा आपणच पाण्याखालून गुपचूप बंद करू. आक्काची विहीरही राहील, पठारही राहील, आणि कुणाला काही कळायचं नाही. सगळ्यांचं भलं करणाऱ्या अशा युक्त्या माणसाला नेमक्या नको त्या वेळी सुचतात.

त्याच दुपारी ऋतुजानं त्याच्या हाती बारा गोळे दिले. लिंबाएवढे, पाण्यात सोडायचे. पाण्यात क्रोमियम आलं की दोन-तीन तासांत तिच्या पडद्यावर आणि कानिफच्या फोनवर त्या विहिरीचा ठिपका लाल होणार. "पाळीलगतच्या बारा विहिरींत टाका, आण्णा. हे काम तुमच्याशिवाय कुणावर सोपवू?" कानिफनं अकरा गोळे बिनचूक टाकले. बारावा त्यानं आक्काच्या घरात, ती गोठ्यात असताना, पाण्याच्या रांजणात टाकला. रांजणात कालचं पाणी होतं, चांगलं. पडद्यावर आक्काच्या विहिरीचा ठिपका हिरवागार उमटला.

"काय रं कानिफा, आज अवचित?" आक्का हात पुशीत आली. शेळ्या सोडून ती सकाळच्या सभेला गेली नव्हती.

"आडवा साफ करायचाय तुझा. गाळ बसला आसंल. आन हे बघ, मोटर चालू करू नको दोन दिस. केबल कातरलीय उंदरानं."

"कुठं? मला तर दिसली न्हाय."

"तुला काय कळतंय केबलीतलं?"

आक्कानं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. लहानपणी त्यानं गूळ चोरला की ती असंच बघायची. मग ती परत गोठ्याकडं वळली.

सोमवारी दुपारी त्यानं घुशीच्या तोंडाला फुगणाऱ्या मातीची पिशवी बांधून तिला आडव्यात सोडलं. चाळीस फुटांवर पिशवी सोडायची, माती फुगणार, भोक बंद. अकरा वर्षांत पाण्यानं पाळीचा दगड आतून पोखरला असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. चौतिसाव्या फुटाला छत ढासळलं. नळी ताणली, सैल सोडली, पुन्हा ताणली. घूस आत गाडली गेली आणि पिशवी तिथंच फाटली. बारा वर्षं त्याला जेवू घातलेलं यंत्र होतं ते, पण त्याला त्याचं वाईट वाटायलाही सवड नव्हती.

मंगळवारी तो स्वतः उतरला. लाकडाचा खुंटा, त्याला गुंडाळलेलं गोणपाट, कमरेला दोर. पाण्याखाली आडव्याचं तोंड हातानं चाचपून त्यानं खुंटा ठोकला, वर आला, श्वास घेऊन पुन्हा गेला. नवव्या खेपेला खुंटा घट्ट बसला. तेवढ्यात त्याच्या हाताला खुंट्याच्या शेजारून गार पाणी लागलं. तोंडाभोवतीचा दगडच तडकला होता. भोक बंद करायला आलेल्या माणसानं ठोकून ठोकून भोकं वाढवली होती. तो काठावर येऊन पडला तेव्हा त्याचे दात वाजत होते, आणि ऊन तर भाजून काढणारं होतं.

"सांगून टाक," तो स्वतःशीच म्हणाला. मग म्हणाला, "उद्या सकाळी एकदा सिमिटाची पोती सोडून बघतो." माणूस बुडताना असाच एकेक सकाळ मागत जातो.

बुधवारी सकाळी सिमेंट सोडलं. ते नुसतंच धुऊन गेलं. दुपारी बाराच्या सुमाराला आक्कानं त्याला ओढूनच घरात नेलं. "दोन दिस झालं, तुज्या पोटात घास न्हाय. बस." तिनं भाकरी थापली, पिठलं केलं, रांजणातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. दुसरा पेला भरून स्वतःच्या तोंडाला लावला.

कानिफच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढून पाहिला. आक्काच्या विहिरीचा ठिपका लाल झाला होता.

क्षणभर त्याला अर्थच लागेना. गोळा तर विहिरीत नव्हताच. मग त्याची नजर रांजणावर गेली. रांजण नव्यानं भरलेला होता, आणि पाण्यात पिवळेपणा अजून डोळ्याला दिसण्याइतका नव्हता.

"हे पानी कुठलं?"

"हिरीचं. मोटर नको म्हनलास म्हनून सकाळी, तू सिमिट आनायला गेलास तवा, पोहऱ्यानं शेंदलं. चार खेपा केल्या."

त्यानं तिच्या हातातला पेला असा उडवला की तो भिंतीवर आपटला. आक्काच्या मनगटाला त्याचं नख लागलं. ती हलली नाही. ओल्या भिंतीकडं तिनं पाहिलं, मग भावाकडं. फोन परत वाजला. ऋतुजा होती. कानिफनं उचलला नाही, तेव्हा आक्कानंच त्याच्या हातातून घेऊन कानाला लावला. पलीकडून ऋतुजाचा आवाज घरभर ऐकू येत होता: "आण्णा, आत्याची विहीर लाल झालीय! पाळीच्या अलीकडं! हे कसं होईल, आण्णा?"

"भाऊबीजेचा आडवा," आक्का म्हणाली. "पाळीतून गेलेला. त्यानं सांगितला न्हाय ना तुला?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"मी किती पानी प्याले सकाळधरनं, ते नंतर इचार," आक्का म्हणाली. "आधी सांग, ही हीर बुजवायला किती गाड्या मुरूम लागंल?"

कानिफ उंबऱ्यावर बसला होता. "आक्का, मी बंद करनार व्हतो. तुज्यासाठीच..."

"माज्यासाठी?" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मला इचारलं असतंस सोमवारी, तर मीच सभेत उठून सांगितलं असतं. तू मला इचारलंच न्हाईस. मी सगळ्यांचं पानी नासवून माजी डाळिंबं राखीन, आसं वाटलं तुला?"

कानिफ उठून विहिरीतली मोटर वर काढायला गेला.

दुपारी डंपर लागले. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात गोटे होते, पाणी राखणाऱ्या साती आसरांचे. आक्कानं ते एकेक उचलून पदरात घेतले आणि बाजूला झाली. मग काळी माती, तिच्यावर मुरूम, पुन्हा काळी माती. पहिल्या गाडीचा आवाज खोल पाण्यात झाला, विसाव्या गाडीचा नुसता धप्प. सूर्य कलायच्या आत चाळीस फुटांची विहीर जमिनीला येऊन मिळाली. डॉक्टरांनी आक्काला तपासून सांगितलं, एका दिवसाच्या पाण्यानं काही होणार नाही. तिनं ते ऐकल्यासारखं केलं.

गुरुवारी सकाळी शाळेत ऋतुजा पडद्यासमोर उभी होती. बापाकडं तिनं पाहिलं नाही. सर्जेराव गुंडांची विहीर लाल झाली होती.

"माझ्या अंदाजाच्या एक दिवस आधी, मंगळवारीच पाणी पाळीतून आत आलं," ती सरपंचांना म्हणाली. "आत्याच्या विहिरीतून गुंडबाबांच्या विहिरीत. आता मागून येणं बंद झालंय, पण आलेलं आहे ते पुढं सरकणार. बाबांची विहीर त्या साडेतीनशेंच्या गटात आहे." तिनं आत्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "सोमवारी कळलं असतं तर एक थेंब आला नसता."

तीनशे माणसांनी कानिफकडं पाहिलं. कुणी शिवी दिली असती तर त्यानं ती हात पसरून घेतली असती.

"आता काय?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"आता उलट जायचं. शंभरामागं पन्नासाच्या खाली. जसा पन्नासाच्या वर तो मोठा गट एकाएकी झाला, तसाच खाली आल्यावर तो फुटतो. आडवे बुजवत जायचे. ज्या विहिरींना अजून पाणी लागलेलं नाही, त्या उपसून आडव्याचं तोंड बंद करता येतं. पाळीसारखा आतून पोखरलेला दगड तिकडं नाही. नेमके निवडले तर नव्वद आडव्यांत गट फुटेल. मग विष पंधरा-वीस विहिरींत अडकून राहील. आठ-दहा दिवस आहेत हातात."

"आन ज्याचा आडवा बुजंल त्याची हीर?"

"अर्धी होईल. काहींची कोरडी."

सभेत कुजबुज सुरू झाली. माझाच का, त्याचा का नाही. सर्जेराव गुंड काठी टेकत उठले आणि सरळ कानिफसमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात ती वही होती.

"कानिफ," ते शांतपणे म्हणाले, "माजी हीर गेली. ती गेली ते गेली. मला येकच सांग. नव्वद आडवं हिच्यातनं निवडायचं. आता तरी हिच्यात सगळं लिव्हलंय का?"

कानिफनं तोंड उघडलं. 'सगळे हायेत' हे शब्द सवयीनं जिभेवर आले होते. त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर अकरा दिवाळ्या आल्या, अकरा भाऊबीजा, आणि दर भाऊबीजेच्या आठवड्यात कुणाच्या ना कुणाच्या बहिणीच्या विहिरीवर लावलेली घूस. बहिणीला दिलेलं लिहायचं नसतं. त्यानं एकही लिहिला नव्हता.

"न्हाय," तो म्हणाला. "ओवाळणीचे न्हाईत."

ऋतुजानं पहिल्यांदा बापाकडं पाहिलं. "म्हणजे आत्याचा एकच नाही?"

"न्हाय."

"किती?"

"ध्यानात न्हाय, बाई. बरेच हायेत. आन सगळे पुऱ्या लांबीचे. बहिणीला द्यायचा तर कमी कसा द्यायचा?"

ऋतुजा खुर्चीवर बसली. पुऱ्या लांबीचे म्हणजे शेजारच्या विहिरींना सोडून दूरच्या वाड्यांना जाऊन भिडलेले. तिनं कडेला उरलेल्या रंगीत चिंध्यांकडं पाहिलं. त्या वाड्या वाचल्या असं ती धरून चालली होती, आणि काल संध्याकाळी तिथल्या बायकांना तसं सांगूनही आली होती.

मागच्या रांगेतून छबूआक्का पुढं आली. पदरात अजून ते सात गोटे होते. तिनं गुंडांच्या हातून वही घेतली, शेवटचं कोरं पान काढलं आणि भावासमोर ठेवलं.

"लिव्ह. तुला आठवत नसंल, मला आठवतंय. बाया दिवाळीची ओवाळणी इसरत न्हाईत. पैला माजा लिव्ह."

कानिफनं लिहिलं: छबू. पाळीच्या अंगाला. तेराशे फूट. भिडला.

"काळेवाडीची मीरा. तिच्या भावानं दिलेला, उत्तरंला."

तो लिहीत गेला. ऋतुजा प्रत्येक नावासरशी एक रेघ ओढत गेली. जनाबाई, पाझरतळ्याची. सुर्व्यांची नर्मदा. गुंडांची स्वतःची लेक, जिचा आडवा गुंडांच्या मुलानं दिला होता आणि ते म्हाताऱ्याला ठाऊकही नव्हतं. कडेची एक हिरवी वाडी निळी झाली. मग जांभळी. सभेतल्या बायका आपलं नाव यायच्या आधीच मान खाली घालू लागल्या. एकेचाळिसाव्या नावाला आक्का थांबली. साडेतीनशेंच्या चारशे झाल्या होत्या.

ऋतुजानं नव्या रेघा एकेक करून तपासल्या. मग हळूच म्हणाली, "आत्या, दूरच्या गटांना बांधणारे हेच आहेत. नव्वदातले पहिले हेच एकेचाळीस बुजवावे लागतील."

"म्हंजी चाळीस," आक्का म्हणाली. "माजा झाला."

कानिफ उठला. "मी जातो एकेकीच्या दारात. पाया पडतो त्यांच्या."

"तू न्हाय." आक्कानं त्याच्याकडं वळून पाहिलं. गेल्या दोन दिवसांत प्रथमच तिचे डोळे भरले होते. "तुजी ओवाळणी मी काल परत केली, कानिफा. आता त्यांनी बी करायची हाये. भावाची ओवाळणी परत कर, आसं बाईला सांगायला बाईच पायजे. तू बोलायचं न्हाय. तू वही घेऊन मागनं यायचं, आन ती व्हय म्हनली की हिरीत उतरायचं."

"आन न्हाय म्हनली तर?"

पदर नीट खोचून, गोटे सावरून, आक्का शाळेच्या पायऱ्या उतरली. काळेवाडी दोन कोसांवर होती आणि ऊन चढत होतं. कानिफ वही घेऊन तिच्या मागं निघाला.